टेलरसाहेबाच्या घरातली बेगम

हिंगोलीत वाढलेल्या माणसाला आपले गाव फौजेचे होते हे वेगळे सांगावे लागत नाही. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावेच ते सांगतात. शाळेत असताना रिसाल्यातल्या एका मित्राकडे मी रोज जात असे, पण हे घोडदळ कुणाचे, ते कुठे गेले, हा प्रश्न काही आम्हा दोघांना कधी पडला नाही. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेची, जिला पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले तिची, इथे १९०३ पर्यंत छावणी होती. फौज गेली, नावे राहिली.

या छावणीत वावरलेल्या एका माणसाने हिंगोलीचे नाव जगभर नेले, आणि तेही फार चांगल्या कारणासाठी नव्हे. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. १८३९ साली लंडनमध्ये त्याची ठगांवरची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि अमीर अली नावाचा तिचा नायक विलायतेत घरोघरी पोचला. या कादंबरीच्या प्रास्ताविकात हिंगोली येते. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. गोऱ्या अधिकाऱ्यांचा त्याच्याशी रोजचा व्यवहार, खुद्द टेलरचासुद्धा. या हरिसिंगाने एकदा मुंबईहून कापड आणण्यासाठी साहेबाकडून रीतसर परवाना घेतला, वाटेत त्या कापडाच्या मालकाला त्याच्या माणसांसह ठार केले आणि तोच माल आणून छावणीत उजळ माथ्याने विकला. पकडला गेल्यावर हा किस्सा त्याने गंमत म्हणून सांगितला. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली जात होती आणि जवळच पुरली जात होती. माफीच्या साक्षीदारांनी एकेक जागा दाखवली, आणि ती खड्डे उकरण्याची वेळ आली तेव्हा टेलर स्वतः तिथे उभा होता.

लहानपणी ही गोष्ट ऐकली की आम्हाला कयाधूच्या बाजूला संध्याकाळी जायची भीती वाटे. पण आज मला टेलरबद्दल लिहायचे आहे ते ठगांसाठी नाही. ठगांवर पुष्कळांनी लिहिले आहे, आणि त्यातले खरे किती व साहेबाच्या धास्तीतून आलेले किती यावर इतिहासकारांचे आजही भांडण आहे. मला लिहायचे आहे ते टेलरच्या सासरबद्दल.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, लिव्हरपूलचा. बाप व्यापारी, पण धंदा बुडत चाललेला. मुंबईच्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडे नोकरी आणि पुढे भागीदारी मिळेल या आशेवर मुलाला १८२४ मध्ये जहाजात बसवले. मुंबईत उतरला तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होत होता आणि तो व्यापारीच डबघाईला आलेला होता. आईच्या नात्यातले एक गृहस्थ मुंबई सरकारात वरच्या जागेवर होते. त्यांनी शब्द टाकला आणि पोराची सोय निजामाच्या फौजेत लागली. ही गोष्ट साधी दिसते, पण टेलरचे सगळे आयुष्य तिने ठरवले. कंपनीच्या पक्क्या नोकरीतले अधिकारी वेगळे आणि निजामाच्या चाकरीतले वेगळे. पगार, बढती, पेन्शन, जेवणाच्या टेबलावरची जागा, सगळ्यात दुसऱ्यांचा क्रमांक खालचा. टेलर जन्मभर या खालच्या पंगतीत राहिला. म्हणूनच की काय, त्याने फार्सी, हिंदुस्थानी, मराठी अशा भाषा मन लावून शिकून घेतल्या आणि इथल्या माणसांत तो इतरांपेक्षा जास्त मिसळला.

हैदराबादेत त्याला एक घर सापडले. रेसिडेन्सीजवळ विल्यम पामर नावाच्या सावकाराची कोठी होती. विद्या, अदब, जेवण आणि गप्पा यांसाठी ती प्रसिद्ध होती. या कोठीवर टेलर जाऊ लागला आणि १८३० च्या सुमारास पामरची मुलगी मेरी हिच्याशी त्याचे लग्न झाले.

आता हे पामर कोण ते सांगायला हवे, कारण मराठी वाचकाला त्यांची निम्मी ओळख आधीच आहे. मार्च १८०० मध्ये नाना फडणवीस वारले तेव्हा मराठी राज्यातले शहाणपण त्यांच्याबरोबर गेले अशा आशयाचे पत्र पुण्याच्या रेसिडेंटाने वर पाठवले होते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेले आहे. तो रेसिडेंट म्हणजे कर्नल, पुढे जनरल, विल्यम पामर. सावकार पामरचा बाप, मेरीचा आजोबा. पाठ्यपुस्तक जे सांगत नाही ते असे की पुण्याच्या रेसिडेन्सीत त्या वेळी पामरची पत्नी म्हणून जी बाई राहत होती ती फैजबक्ष बेगम नावाची मुसलमान खानदानी स्त्री होती. दिल्लीशी आणि अवधशी नाते सांगणारी. पामर लखनौला होता तेव्हापासून ती त्याच्या घरात होती आणि शेवटपर्यंत राहिली.

या कुटुंबाचे एक मोठे तैलचित्र १७८५-८६ च्या सुमाराचे आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते आहे. मी त्याची छापील प्रत पाहिली आहे. पामर लाल कोटात, त्याच्या एका बाजूला जमिनीवर बसलेली बेगम, तिच्या मांडीवर तान्हे मूल, दुसऱ्या बाजूला तिची बहीण, दोन थोरली मुले, दाया. त्यातला थोरला मुलगा म्हणजे आपला पुढचा सावकार. चित्रात लपवाछपवी कुठेच नाही. साहेब आपले बिऱ्हाड चितारून घेतो आहे आणि त्याला ते मिरवायचे आहे. त्या काळात हे जगावेगळे नव्हते. कंपनीच्या गोऱ्यांच्या मृत्युपत्रांतून आपल्या बीबीसाठी आणि तिच्या मुलांसाठी ठेवलेल्या रकमांचे उल्लेख सर्रास सापडतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. हल्ली या काळाबद्दल फार हळवे लिहिले जाते, जणू तेव्हा पूर्व आणि पश्चिम गळ्यात गळा घालून नांदत होती. फैजबक्षला मान मिळाला, पण ती अपवाद होती. बाकीच्या बीबींपैकी कित्येकींचे नावसुद्धा कागदावर नाही. साहेब विलायतेला परतला की त्यांचे काय होई हे कुणी नोंदलेले नाही. त्या पिढीला संबंधांची लाज नव्हती, एवढेच म्हणता येईल. बरोबरी होती असे म्हणता येणार नाही.

फैजबक्षची एक जिवलग मैत्रीण होती, हैदराबादची खैरुन्निसा. तिने रेसिडेंट कर्कपॅट्रिकशी लग्न केले आणि त्या लग्नावरून कंपनीच्या सरकारात चौकश्यांवर चौकश्या झाल्या. खैरुन्निसाची दोन्ही लहान मुले १८०५ मध्ये जहाजाने विलायतेला पाठवली. तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, नावे बदलली. त्याच वर्षी नवरा कलकत्त्यात वारला. मुलांची आणि आईची पुन्हा कधी भेट झाली नाही. फैजबक्षने हे सगळे जवळून पाहिले असणार.

कायदा तर त्याआधीच बदलू लागला होता. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने हुकूम काढला की हिंदी आईच्या पोटी जन्मलेल्यांना कंपनीच्या मुलकी वा लष्करी नोकरीत घ्यायचे नाही. चार वर्षांनी आणखी कडक हुकूम आला आणि फौजेत त्यांच्यासाठी बासरी, ढोल आणि नाल ठोकण्याची कामे तेवढी उरली. म्हणजे जनरल पामरचा मुलगा आपल्या बापाच्या हाताखाली साधा लेफ्टनंटही होऊ शकत नव्हता. म्हणून विल्यम निजामाच्या चाकरीत गेला. तिथून बाहेर पडून त्याने पेढी काढली, निजामालाच भरमसाट व्याजाने कर्जे दिली, गब्बर झाला आणि १८२० नंतर मेटकाफ नावाच्या रेसिडेंटाने त्याच्या पेढीच्या मागे लागून ती बुडवली. पामर सावकार काही संत नव्हता. निजामाच्या रयतेने ते व्याज सारावाटे भरले, आणि ती रयत म्हणजे आपलेच पणजोबा. पण एक खरे की त्याला वारसाहक्काने दोन्ही जगे मिळाली होती आणि दोन्हींत तो पुरता मावत नव्हता. त्याच्या जनान्यात एकाहून अधिक स्त्रिया होत्या, आणि त्याच्या टेबलावर इंग्रज अधिकारी जेवत होते. १८६७ मध्ये, बऱ्याच वयाचा होऊन, तो हैदराबादेतच वारला.

अशा घरात टेलर जावई म्हणून आला. दोघेही कंपनीच्या दाराबाहेरचे, एक रक्तामुळे, दुसरा नोकरीमुळे.

या पुढची टेलरची कारकीर्द मोठी आहे आणि तिच्यावर स्वतंत्र लेख होईल. रजेवर विलायतेला जाऊन आल्यावर त्याला सुरपूर संस्थानात धाडण्यात आले. हे बेडर नायकांचे संस्थान आज कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यात आहे आणि टेकडीवरचा टेलरचा बंगला टेलर मंझिल या नावाने अजून उभा आहे. राजा वारलेला, वारस लहान, आणि राणी ईश्वरम्मा कारभार हातात घेऊन बसलेली. या राणीचे प्रियकर होते आणि ते दडवण्याची तिला गरज वाटत नव्हती. टेलरने तिच्याविषयी जे लिहिले त्यात अधिकाऱ्याची नाराजी आहे, पुरुषाचे कुतूहल आहे आणि थोडी दहशतही. गंमत अशी की ज्याच्या आजेसासूची गोष्ट आपण वर पाहिली तोच टेलर राणीच्या बाबतीत पाद्र्याच्या चष्म्यातून पाहू लागतो. पिढी बदलली होती. १८१३ नंतर मिशनऱ्यांना हिंदुस्थानात मोकळीक मिळाली होती, इजिप्तमार्गे वाट सुरू झाल्यावर इंग्रज बायका अधिक संख्येने येऊ लागल्या होत्या, आणि साहेबाने घरात बीबी ठेवणे ही आता बोलून दाखवायची गोष्ट राहिली नव्हती. टेलर या दोन काळांच्या सांध्यावर उभा होता.

राणीचा लहान मुलगा वेंकटप्पा नायक मात्र त्याने स्वतःच्या मुलासारखा वाढवला. पोर त्याला अप्पा म्हणे. सुरपूरच्या त्या वर्षांतच मेरी वारली. टेलरने पुन्हा लग्न केले नाही. १८५३ मध्ये त्याला नळदुर्गाला नेमले, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. तिथे त्याने रस्ते काढले, झाडे लावली, तुळजापूरच्या यात्रा पाहिल्या. १८५७ मध्ये बुलढाण्याला होता. १८५८ च्या फेब्रुवारीत वेंकटप्पाने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले, हरला, हैदराबादेत पकडला गेला. अप्पा त्याला तुरुंगात भेटायला गेले. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली होती, पण मद्रासकडे नेत असता वाटेत पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने तो मेला. आपल्या हाताने की अपघाताने हे उलगडले नाही. चोविसाव्या वर्षापुढे हा जगणार नाही असे त्याच्या कुंडलीत आहे, हे टेलरला एका ब्राह्मणाने फार पूर्वी सांगून ठेवले होते म्हणतात. टेलरनेच ते लिहिले आहे. कुंडलीवर माझा विश्वास नाही, पण ते पान वाचताना टेलरचा विश्वास बसला होता असे वाटते.

१८६० मध्ये प्रकृती ढासळल्याने तो परत गेला आणि डब्लिनजवळ मुलींबरोबर राहू लागला. तिथे बसून त्याने दख्खनवर कादंबऱ्या लिहिल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातल्या दोन महत्त्वाच्या. १८६३ ची 'तारा' तुळजापुरात घडते. अफझलखानाच्या स्वारीचा काळ, तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी तारा, आणि तिचे लग्न लागते ते खानाच्या मुलाशी. १८७२ ची 'सीता' त्याच्याही पुढची. तिच्यात ब्रँडन नावाचा इंग्रज मॅजिस्ट्रेट सीता या हिंदू विधवेशी लग्न करतो. चोरून नव्हे, तिच्या रीतीप्रमाणे विधी करून. स्टेशनवरच्या मडमा तिला जवळ करत नाहीत, अधिकारी कुजबुजतात.

१८५७ ला जेमतेम पंधरा वर्षे झालेली आहेत. विलायतेत हिंदुस्थानी माणूस म्हटले की कानपूरची विहीर आठवते. अशा वेळी कादंबरीकार सांगतो आहे की इंग्रजाने हिंदू विधवेशी उघड लग्न करावे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आणि आपल्याकडे त्याच्या नावाने अजून शिव्याशाप चालले होते. हे धाडस लहान नव्हे.

आणि मग शेवटी टेलरचा हात थरथरतो. बंडाच्या धामधुमीत नवऱ्यावर उगारलेला भाला सीता स्वतःच्या अंगावर घेते आणि मरते. ब्रँडन पुढे एका इंग्रज मुलीशी लग्न करतो, आणि पुढच्या पिढीचा प्रश्नच उरत नाही. कादंबरीत सीतेला मूल होऊ दिले असते तर त्या मुलाचे काय करायचे हे टेलरला ठरवावे लागले असते. खरे तर उत्तर त्याच्या घरातच होते. लिहिण्याच्या टेबलापलीकडे त्याच्या मुली बसत होत्या, आणि त्या फैजबक्ष बेगमच्या पणत्या होत्या.

मला टेलरचे आयुष्य इथे थांबून पाहावेसे वाटते. पहिली पिढी चित्रकाराला बोलावून बेगमसह चित्र काढून घेते. दुसरी पिढी दोन्हीकडे पाय ठेवून तोल सांभाळते. तिसऱ्या पिढीतल्या मेरीबद्दल तिच्या नवऱ्याने आत्मचरित्रात थोडकेच लिहिले. तलाव, रस्ते, वाघ, राजे यांवर पाने भरली, बायकोवर तेवढी नाहीत. चौथ्या पिढीतल्या अ‍ॅलिसने बापाच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये, ते आत्मचरित्र संपादून छापले, विलायतेतल्या कोणत्याही सुशील कन्येने छापावे तसे. नव्वद वर्षांत एका घराण्याने आपली आजी कुठे ठेवावी हे चार वेळा नव्याने ठरवले.

असे जगात इतरत्रही घडते, फक्त दिशा नेहमी तीच नसते. अमेरिकेतल्या जपानी लोकांत पिढ्यांना नावेच आहेत. पहिली इस्सेई, दुसरी निसेई, तिसरी सान्सेई. पहिल्या पिढीतल्या कित्येक बायका नुसत्या फोटोवर पसंत होऊन जहाजाने गेल्या. नवऱ्याचे तोंड त्यांनी बंदरात प्रथम पाहिले. त्यांच्या मुलांना १९४२ मध्ये काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले आणि ती मुले पुढे अमेरिकनांहून अमेरिकन व्हायला धडपडली, गप्प, सालस, नाकासमोर चालणारी. कॅलिफोर्नियात गोऱ्यांशी लग्न करायला १९४८ पर्यंत कायद्याने बंदी होती, काही राज्यांत १९६७ पर्यंत. आणि तिसऱ्या पिढीने मोठ्या संख्येने जातीबाहेर लग्ने केली व आजीला विचारायला सुरुवात केली की तू बंदरात उतरलीस तेव्हा तुला काय वाटले. पामरांच्या घरात उघड्याकडून झाकलेल्याकडे प्रवास झाला, यांच्याकडे उलट. दोन्ही ठिकाणी मधल्या पिढीने सगळ्यांत जास्त मौन पाळले.

टेलर १८७५ मध्ये पुन्हा एकदा हैदराबादला आला. सालारजंगाने बोलावले होते. दृष्टी अधू झालेली, ती या प्रवासात पुरतीच गेली. परत जाताना फ्रान्सच्या किनाऱ्यावर मेंटन इथे १३ मे १८७६ रोजी तो वारला.

हे सगळे मला या वर्षी आठवण्याचे कारण घरचे आहे. आमचे थोरले काका निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. उस्मानियात गेले आणि पोलीस अ‍ॅक्शननंतरही हैदराबादेतच राहिले. १९५० नंतर केव्हातरी त्यांनी त्यांच्या शाळेतल्या एका तेलुगू ख्रिस्ती शिक्षिकेशी नोंदणी लग्न केले. आमच्या घरात यावर भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते. आजोबांनी नुसते बोलणे बंद केले. दिवाळीला काकांचे पत्र येई, त्यात खाली वेगळ्या अक्षरात दोन ओळी असत. आजी त्या कुणाकडून वाचून घेत नसे, आणि पत्र फाडूनही टाकत नसे. काकांचा एक फोटो मात्र माजघरात होता. एकटे उभे, डावा हात जरा अवघडलेला. मी लहानपणापासून तो तसाच पाहत आलो. माझ्या वडिलांना विचारले तर ते म्हणत, फोटोग्राफरने नीट उभे केले नसेल.

माझी पुतणी पुण्यात नोकरीला आहे. तिने स्वतः जमवलेले लग्न येत्या हिवाळ्यात आहे, मुलगा आपल्यातला नाही. घरात कुणी बोलणे बंद केले नाही. जराशी कुरकुर झाली, मग हॉल बघायला सुरुवात झाली. तिने फोन करून मला विचारले, काका, आपल्या घरात असे आधी कुणी केले होते का, फोटो असला तर पाठवा. मी हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आले की काकूंचे नाव मला नीट आठवत नाही.

मग माजघरातली चौकट उतरवली. मागचे खिळे गंजलेले होते, पुठ्ठा काढायला वेळ लागला. फोटो कापलेला नव्हता. आजोबांनी तो उभा दुमडून चौकटीत बसवला होता. सत्तर वर्षांची घडी उलगडताना कागद तडकला, पण पलीकडची बाजू उजेड न लागल्याने काकांच्या बाजूपेक्षा स्वच्छ निघाली. काकू उंच होत्या, साडीला मोठे काठ, आणि काकांच्या त्या अवघडलेल्या हाताच्या दंडाला त्यांनी धरले होते. मागे उर्दूत तारीख आणि दोघांची नावे होती. मला उर्दू येत नाही. संध्याकाळी फोटो घेऊन रिसाल्यातल्या त्या जुन्या मित्राकडे गेलो, त्याने चष्मा लावून नावे वाचून दाखवली, आणि मी ती देवनागरीत लिहून पुतणीला पाठवली.